ताई, वेबसाइटवर लिहायचं तरी काय?

गेल्या अंकात मी म्हटलं होतं की वेबसाइटवरच्या लिखाणाबद्दल काय विचारायचंय ते विचारा, तर पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा ढीगच लागला. निम्म्या लोकांना एकच हवंय, गूगलवर वर कसं यायचं. ते पण येईल ओघात, पण आधी त्याच्या मागचं बोलू. सहा प्रश्न घेतलेत, नावं गाळलीत, भाषा जराशी सावरलीय.

प्रश्न : ताई नमस्कार. देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. मुलाने गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. ज्यांनी केली त्यांनीच त्यावर 'आंबा : फळांचा राजा', 'आंबा खाण्याचे १० फायदे' असे वीस लेख टाकून दिले आणि त्याचे पैसे वेगळे लावले. अख्ख्या सीझनमध्ये वेबसाइटवरून अकरा पेट्या गेल्या, त्यातल्या सात माझ्या ठाण्याच्या मेव्हण्याने घेतल्या. चुकतंय कुठे?
(बागायतदार, देवगड)

उत्तर : काका, मेव्हणे चांगले मिळालेत तुम्हाला, ते आधी सांगते.

तुमचे वीसच्या वीस लेख वाचले मी. त्यात देवगड हा शब्द भरपूर वेळा आहे पण देवगड कुठेच नाही. 'आंब्यामध्ये अ आणि क जीवनसत्त्व मुबलक प्रमाणात आढळते' हे वाक्य केसर विकणारा पण टाकतो, तोतापुरीवाला पण टाकतो आणि ज्यूसची बाटली विकणारा पण. जो माणूस हजार-दोन हजार रुपये देऊन पेटी मागवणार त्याला जीवनसत्त्वाची पडलेलीच नसते हो, त्याची भीती वेगळी असते.

म्हणून तर मी तुम्हाला फोन केला होता, आठवतंय ना, आणि विचारलं होतं की एप्रिलमध्ये गिऱ्हाइकांचे फोन येतात ते काय विचारतात. तुम्ही एका दमात सांगत सुटलात. पेटी आली पण आंबा हिरवाच आहे, फसवलंत का. फ्रिजमध्ये ठेवू का. मधे कापला तर आत पांढरट कडक निघाला, असं कसं. हा कर्नाटकातला नाही ना. पाच डझनाची पेटी महाग आणि सात डझनाची स्वस्त हे कसं काय. अहो, हेच तुमचे लेख! वीस कशाला, हे पाच पुरे झाले.

आणि उत्तरं तुम्ही जी दिलीत ना ती तशीच्या तशी लिहा, 'सदर फळ परिपक्व होण्यास' वगैरे करू नका. तुम्ही म्हणालात की आंबा झाडावरून तयार उतरवतो पण पिकलेला नाही, घरी आल्यावर अढी घालायची, पेंढा पसरून त्यावर आंबे एका थरात लावायचे, वरून परत पेंढा, आणि रोज एकदा हात फिरवून मऊ झालेले बाहेर काढायचे, एकाच दिवशी सगळे पिकणार नाहीत आणि तसे पिकले तर शंका घ्या. रंगावर जाऊ नका, देठापाशी वास घ्या. सालीला किंचित सुरकुती आली की टाकू नका, तेव्हाच तो खरा गोड असतो. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवलात तर पिकायचा थांबतो, पिकल्यावर ठेवा. हे वाचून मुंबईच्या फ्लॅटमधल्या माणसाला कळतं की समोरचा खरंच बागेत उभा राहून बोलतोय. पेंढा त्याच्याकडे नसणार, तर पेटीत जो येतो तो टाकू नका, तोच वापरा, हे पण लिहा. साधी गोष्ट आहे पण लोक पेटी उघडली की पहिला पेंढा कचऱ्यात टाकतात!

साक्याचं पान मात्र मनावर घेऊन लिहा. हापूसला साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट कडक राहतो, बाहेरून कळत नाही, कापल्यावरच दिसतो. हे आधीच कबूल करणारी आंब्याची वेबसाइट मी तरी क्वचितच पाहिलीय, सगळे 'शंभर टक्के खात्री' लिहून मोकळे होतात. तुम्ही साका म्हणजे काय ते सांगा, कापलेल्या साकेवाल्या आंब्याचा फोटो टाका आणि पेटीत किती निघाले तर तुम्ही काय करता, पैसे परत की बदली फळ, ते स्पष्ट लिहा. मुलगा म्हणेल आपल्याच मालाची बदनामी कशाला. त्याला म्हणावं, गिऱ्हाइकाला घरी कळणारच आहे, तुझ्याकडून कळलं तर पुढच्या वर्षी परत येईल.

कर्नाटकच्या प्रश्नालाही उत्तर हवंच. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण मानांकन आहे म्हणजे या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने ते छापायचं असं नसतं, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. तुमची असेल तर नंबर दाखवा. नसेल तर तो मानांकनाचा लोगो काढून टाका, मी तुमच्या वेबसाइटवर पाहिलाय म्हणून म्हणतेय. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे हे लोकांना ऐकून माहीत असतं, त्यामुळे नुसतं 'कार्बाइडमुक्त' लिहून कोणी भुलत नाही, तुमची अढी दाखवा. आजोबांची ती खोली आहे म्हणालात ना, पेंढ्याची, तिचा फोटो मोबाइलवर काढा, विकत आणलेला पिवळाधमक आंब्याचा फोटो नको.

आणि डझनाचं कोडं दोन ओळीत सुटतं : पेटी तेवढीच असते, फळ मोठं असलं की डझन कमी बसतात, लहान असलं की जास्त. हे न कळल्यामुळे लोक सात डझनवाली घेतात आणि फळ बारीक आलं म्हणून भांडतात.

एक तांत्रिक गोष्ट. दरवर्षी नवं पान करू नका, 'हापूस दर २०२४', 'हापूस दर २०२५' असं. एकच पान ठेवा, पत्त्यात वर्ष घालू नका आणि फेब्रुवारीत दर बदला. जुन्या पानाला जी ओळख मिळालेली असते, लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या लिंका असतात, ती सगळी पुण्याई नव्या पानावर शून्यातून सुरू होते. गूगलचे जे तपासनीस नमुन्यादाखल निकाल तपासतात त्यांच्या नियमावलीत २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'अनुभव' हा निकष वाढवला गेला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केलीय का. ते तपासनीस तुमचा नंबर वरखाली करत नाहीत, पण कंपनीला कशाचा शोध आहे ते त्यातून कळतं. आणि अनुभवात तुम्हाला कोण हरवणार, कलमं तुमच्या आजोबांनी लावलीत.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिवसभर लोक तेच तेच विचारतात, घसा बसतो. माझ्या नवऱ्याचं म्हणणं की हे सगळं वेबसाइटवर लिही. पण सरकारच्या वेबसाइट असताना माझी कोण वाचणार?
(सेवा केंद्रवाली, सोलापूर जिल्हा)

उत्तर : अगं, तुझा घसा बसतो म्हणजेच वाचणारे आहेत!

सरकारी वेबसाइट सेवा देते, समजावत नाही. तिथे लिहिलेलं असतं 'अधिकार अभिलेखाची प्रत' आणि माणूस तुझ्या काउंटरवर येऊन विचारतो की वडील वारले, आता सातबाऱ्यावर आमची नावं कशी लागतील. या दोन वाक्यांच्या मधली जी दरी आहे ना, तिच्यात तुझी वेबसाइट बसते. आठवडाभर एक वही ठेव काउंटरवर आणि लोक जे बोलतात ते त्यांच्याच शब्दात लिही, सुधारू नकोस. 'ऑनलाइन सातबारा बँकेत चालतो का', 'फेरफार पेंडिंग दाखवतंय म्हणजे काय', 'आठ अ वेगळा काढावा लागतो का'. ही झाली तुझ्या पानांची शीर्षकं. लोक गूगललाही असंच विचारतात, आता तर माइक दाबून बोलूनच विचारतात.

पहिल्या ओळीत उत्तर, बाकीचं नंतर. उदाहरणार्थ बँकेचा प्रश्न घे. फुकट दिसतो तो बिनसहीचा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, तो कामाला चालत नाही. डिजिटल सहीचा चालतो, त्याला १५ रुपये लागतात, त्यावर वेगळा शिक्का-सही घ्यायला जावं लागत नाही. संपलं. ज्याला घाई आहे तो इथेच उठून जाईल आणि जाऊ दे त्याला, तो पुढच्या वेळी परत तुझ्याकडेच येतो. लोकांना वाटतं वाचक जितका जास्त वेळ थांबला तितकं चांगलं, म्हणून उत्तर सगळ्यात खाली लपवतात. बस सुटायला पाच मिनिटं राहिलेला माणूस आहे गं तो, त्याला सातबाऱ्याचा इतिहास कशाला?

फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायच्या नोंदीचं, मात्र सविस्तर लिही, कारण तिथे लोक खरंच अडकतात. अर्ज दिला की नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस असतात, ते झाल्याशिवाय नोंद मंजूर होत नाही, म्हणून लगेच नाव दिसत नाही, त्यात कोणी पैसे खाल्ले असंच नसतं. हे एवढं कळलं तरी अर्धी भांडणं कमी होतील तुझ्या दारातली. वारसनोंदीला कुठले कागद लागतात ते लिहिताना जो कागद लोक हमखास विसरतात तो आधी सांग. ते तुला माहितीय, वेबसाइट बनवणाऱ्या पुण्याच्या पोराला माहीत नाही.

आता शब्दांचं बघ. तलाठ्याचं पदनाम बदलून २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालं. बरोबर नाव ते, पण गावात आजही कोण म्हणतं? शोधताना लोक तलाठीच टाकतात. तू दोन्ही लिही, 'ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी', एकदाच, की झालं. सातबारा पण कोणी अक्षरात टाकतं, कोणी आकड्यात ७/१२, कोणी इंग्रजी अक्षरात. सगळी रूपं कोंबायची गरज नाही, गूगलला एवढं कळतं आता, अक्षरी एकदा आणि आकडी एकदा आलं की पुरे.

एक मोह टाळ. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली आणि तेव्हापासून 'हप्ता या तारखेला जमा होणार!' लिहिणाऱ्या वेबसाइटींचं पीक आलंय. माझ्या शेजारच्या काकू असं एक पान वाचून बँकेत रांगेत उभ्या राहिल्या, दोनदा. पान उघडलं तर वर लाल अक्षरात ब्रेकिंग, मग योजनेची ओळख, मग पात्रता, मग परत ओळख आणि शेवटी 'तारीख लवकरच जाहीर होईल'. म्हणजे तारीख नव्हतीच! अशा पानावर गर्दी होते, खोटं नाही, पण ती गर्दी उद्या तुझ्या काउंटरवर येऊन तुलाच शिव्या घालेल. जाहीर झालं नसेल तर तेच लिही : 'अजून जाहीर नाही'. पानाच्या वरच 'शेवटचं तपासलं : अमुक तारीख' असं टाक, आणि ती तारीख खरंच तपासल्यावरच बदल, काही लोक मजकूर तोच ठेवून रोज तारीख पुढे ढकलतात.

आणि हो, राजमुद्रा लावू नकोस, तुझी वेबसाइट खाजगी आहे हे वरच लिही. आधार नंबर, ओटीपी असलं काही भरून घेणारा फॉर्म तर अजिबात नको.

प्रश्न : मी कंटेंट रायटर आहे, शब्दावर पैसे मिळतात. क्लायंट म्हणतो लेख १५०० शब्दांचाच हवा आणि कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात ते शब्द, किमान १५ वेळा. खरंच असं काही असतं का?
(पुणे)

उत्तर : नसतं. गूगलने स्वतःच सांगितलंय की शब्दसंख्येचा असा कुठला आकडा त्यांच्याकडे नाही. कीवर्डची ती वेगळी यादी पानाच्या कोडमध्ये लपवून टाकायची एक पद्धत होती, ती तर आम्ही बघतच नाही हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलंय, तरी आजही लोक त्याचे पैसे लावतात.

क्लायंटला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव. 'पुण्यातील उत्तम केटरर शोधताय? पुण्यातील उत्तम केटरर म्हणून आम्ही पुण्यातील उत्तम केटरर शोधणाऱ्यांसाठी...' त्याला स्वतःलाच हसू येईल. लग्नघरातल्या माणसाला ताटाचा दर, कमीत कमी किती पानं, पंगत की बुफे, उरलेलं अन्न कोणाचं आणि वाढपी किती येणार हे हवं असतं. ते सहाशे शब्दात बसलं तर सहाशे. तुझं पोट शब्दावर आहे हे मला कळतं, म्हणून पुढच्या वेळी शब्दाऐवजी पानावर दर ठरव, त्यात केटररच्या आचाऱ्याला फोन करण्याचा वेळ पण धर.

प्रश्न : ताई, मी आणि मित्राने ट्रेकिंगची वेबसाइट सुरू केलीय. एआयकडून रोज पाच किल्ल्यांवर लेख लिहून घेतो, शुद्धलेखन पण छान असतं. दोन महिन्यात अडीचशे लेख झाले. सुरुवातीला बरे व्ह्यू होते, आता एकदम पडलेत. गूगलने एआय बॅन केलंय का?
(नाशिक)

उत्तर : नाही रे भावा. मशीनने लिहिलं म्हणून बंदी असं काही नाहीये. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी जे स्पॅमचे नियम आणले त्यात म्हटलंय की रँकसाठी घाऊक पाडलेला, वाचकाला काहीच न देणारा मजकूर चालणार नाही, मग तो मशीनने पाडलेला असो नाहीतर माणसांनी. आणि हे नवं पण नाही, २०११ मध्ये गूगलच्या शोधात पांडा नावाचा बदल आला तेव्हा मशीन कुठे होतं, तेव्हा माणसंच बसवून पैशाला पासरी लेख पाडायचे, तेही आपटलेच.

तुमचा राजगडाचा लेख मी उघडला. 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेला हा ऐतिहासिक किल्ला साहसप्रेमींसाठी पर्वणी आहे.' आता राजगडाच्या जागी तोरणा घाल. मग हरिश्चंद्रगड घाल. वाक्य कुठे अडखळतं का बघ. नाही ना? मी तर अख्ख्या लेखात नाव बदलून बघितलं, फक्त एका ठिकाणी पद्मावती माची आली तिथे अडलं, बाकी सगळा लेख महाराष्ट्रातल्या कुठल्याही डोंगराला बसतोय.

ज्याला शनिवारी पोरंबाळं घेऊन राजगडावर जायचंय तो काय शोधत असतो? गुंजवण्यातून चोर दरवाज्याने जाऊ की पाली दरवाज्याने. पालीकडून प्रशस्त पायऱ्या आहेत, घरच्या लोकांना ती वाट बरी, आणि चोर दरवाज्याच्या वाटेला शेवटी खडा कातळ चढावा लागतो, रेलिंग आहे पण उंचीची भीती असणाऱ्याचे पाय तिथे लटपटतात. पावसात शेवाळ धरलं की काय होतं. वर पाणी कुठल्या टाक्याचं पिण्याजोगं आहे, आणि मे महिन्यात ते असतं का. गाडी कुठे लावायची, रेंज कुठे जाते, उतरायला किती वाजता निघावं. हे मशीनला माहीत असायचं कारण नाही, ते तुमच्या बुटांना माहितीय. तुम्ही दोघं गेला होतात ना राजगडावर? एकही फोटो तुमचा स्वतःचा नाहीये तिथे.

आणि चुका बघा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळं जागतिक वारशात घेतली, बारा किल्ले, राजगड त्यातला एक. तुम्ही लिहिलंय 'महाराष्ट्रातील बारा किल्ले'. अकरा महाराष्ट्रातले आहेत, बारावा जिंजी, तो तमिळनाडूत. जिंजीचं आपल्या इतिहासात केवढं मोल आहे, राजाराम महाराज तिथे राहून लढले, आणि मराठी वेबसाइटने त्याचा पत्ताच चुकवावा? अडीचशे लेखांत अशा किती असतील ते तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही स्वतःच ते वाचलेले नाहीत. खरं सांगा.

माझं ऐकाल तर अडीचशेतले जे किल्ले तुम्ही स्वतः चढलात तेवढे ठेवा, बारा असतील, पंधरा असतील, बाकीचे काढून टाका. जीवावर येईल. पण मग त्या पंधरांवर बसा. उतरताना एसटीची वाट बघत मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड करा, ताजं असतं तोवर, कुठे चुकलो, कुठे दम लागला, कुणी पाणी दिलं. ते बोलणं उतरवायला आणि क्रम लावायला मशीन वापरा की, खुशाल, मीही वापरते. फक्त जी गोष्ट तुम्ही बोलला नाहीत ती त्याने घातली असेल तर खोडा.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने दिवाळी अंक वेबसाइटवर आहेत. काही पीडीएफ, काही स्कॅन केलेली पानं आणि काही मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. गूगलवर अंकातलं एक वाक्य जसंच्या तसं टाकलं तरी सापडत नाही. असं का?
(ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : सर, तुमच्याकडे खजिना आहे पण कुलूप लावून ठेवलाय.

जुने फाँट म्हणजे कसं होतं, की कॉम्प्युटरच्या लेखी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फक्त त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असायचं. फाँट काढला की मजकुराचं कडबोळं दिसतं ते त्यामुळे. गूगलला तेच कडबोळं दिसतं. युनिकोड नावाच्या आताच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही फाँटमध्ये, कुठल्याही फोनवर मराठीच राहतं आणि शोधता येतं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ती चालवून झाल्यावर एका माणसाने डोळ्यात तेल घालून वाचलंच पाहिजे. विशेषतः ऱ्य. 'सह्याद्रीच्या दऱ्या' हे हमखास 'सह्याद्रीच्या दर्या' होऊन येतं आणि डोंगरात समुद्र शिरतो! टाइप करताना साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. तुमच्या जुन्या सभासदांत एखादे निवृत्त मराठीचे मास्तर असतीलच, त्यांना हे काम द्या, आनंदाने करतील, वर चार चुका तुमच्याही काढतील.

स्कॅन केलेल्या पानांतून अक्षरं ओळखून देणारी साधनं आता मराठीला बऱ्यापैकी चालतात, पण जुना पिवळा कागद आणि खिळ्यांची छपाई असेल तर जोडाक्षरं खातात. सगळे अंक एकदम करायला जाऊ नका. आधी नुसती अनुक्रमणिका टाइप करा, प्रत्येक अंकाची, लेखाचं नाव आणि लेखकाचं नाव. तेवढ्यानेच कोणाला तरी आपल्या आजीची कविता सापडेल. लेखांचे हक्क कोणाकडे आहेत ते मात्र बघून घ्या, अंक छापला म्हणजे वेबसाइटवर टाकायची परवानगी मिळाली असं नाही.

दोन बारीकसारीक गोष्टी वेबसाइट सांभाळणाऱ्याला सांगा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहायचं, हिंदी नाही. ज्या फाँटमध्ये सोय असते त्यात मग ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि वाचताना काहीतरी खटकत राहतं पण काय ते कळत नाही. आणि पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला की ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. 'आंबा' हा एवढासा शब्द, त्याचे आ, अनुस्वार, ब आणि काना मिळून ३६ चिन्हं होतात! सरळ इंग्रजी अक्षरात छोटा पत्ता ठेवा, शीर्षक मराठीत ठेवा.

प्रश्न : मी डब्लिनला असते, मराठी रेसिपी लिहिते. प्रत्येक रेसिपीआधी मी आठवणी लिहिते, आजीचं कोल्हापूरचं घर वगैरे. मैत्रिणी म्हणतात थेट कृती दे. आठवणी काढून टाकू का?
(डब्लिन)

उत्तर : काढू नकोस गं, खाली ने. कणकेचे हात असताना फोन वर सरकवत बसायला लागलं की आजीचाही राग येतो.

तुझी पुरणपोळी वाचली. आजीच्या घराचे सहा परिच्छेद आणि पुरणाला एक ओळ : 'पुरण नीट आटवून घ्या'. नीट म्हणजे किती? आजीच म्हणाली असेल की पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं. ती आठवण नेमकी वर, कृतीत यायला हवी, ती तर माप आहे! 'वाटी' किती मिलीची ते एकदा सांगून टाक, तिकडच्या मुलींकडे आपली वाटी असेलच असं नाही. आणि तू तिथे गूळ कुठला वापरतेस, पुरणयंत्र नाही तेव्हा कशातून वाटतेस, विजेच्या शेगडीवर पोळी फुगते का, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार. सदाशिव पेठेत बसून लिहिणारीला ते प्रश्नच पडत नाहीत. फसलेल्या पोळीचा फोटो असेल तर तोही टाक, फुटली कशाने ते लिहून.

शेवटी एक चिठ्ठी, सही नाही, पोस्टाचा शिक्का मिरजेचा : 'ताई, जगाला शहाणपण शिकवता, तुमच्या मासिकाची वेबसाइट एकदा एसटी स्टँडवर उभं राहून उघडून बघा.'

उघडली हो. स्टँडवरच, सांगलीच्या. आधी पांढरं पान, मग नोटिफिकेशन हवंय का, मग कुकी मान्य का, मग वर्गणी भरा, ते बंद करायची फुली एवढीशी की बोट जाहिरातीवर पडलं आणि मी थेट टाइल्सच्या दुकानात पोचले. परत आले, हेच सदर वाचायला घेतलं तर वर जाहिरात उगवली आणि ओळ खाली पळाली. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदात दिसावा असं गूगलचंच माप आहे, आमचं पान येईपर्यंत मिरजेची गाडी लागून सुटलीसुद्धा. सोमवारी संपादकांच्या टेबलावर तुमची चिठ्ठी ठेवली, सोबत माझे चार स्क्रीनशॉट. ते म्हणाले जाहिरातवाल्यांशी बोलतो. तो वर्गणीचा पडदा निदान पहिल्या लेखाला तरी येऊ देऊ नका एवढं मी लिहून घेतलंय त्यांच्याकडून, आणि हा परिच्छेद अंकात छापून आलेला तुम्हाला दिसला तर समजा बाकीचंही चाललंय काहीतरी.